राग, भय आणि सुई: पूर्व आशियाई वैद्यकातील भावनांचा इतिहास

चीनच्या हुनान प्रांतातील चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे, इ.स.पू. 168 मध्ये बंद झालेल्या एका कबरीत, 1973 साली रेशमावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ सापडले आणि ॲक्युपंक्चरच्या प्राचीनतेविषयीच्या कित्येक रूढ समजुती नव्याने तपासाव्या लागल्या. या ग्रंथांत शरीरातून जाणाऱ्या अकरा वाहिन्यांचे वर्णन आहे, पण त्यांवर सुई टोचण्याचा उल्लेख नाही. उपचार सांगितला आहे तो मॉक्साचा, म्हणजे दवण्याच्या जातकुळीतील एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा कापसासारखा भुगा त्वचेवर जाळून दिल्या जाणाऱ्या शेकाचा. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, वाहिनी बिघडली असता उद्भवणाऱ्या विकारांच्या यादीत अंगदुखी आणि पोटफुगी यांच्या पंक्तीलाच मनाच्या अवस्थाही बसवलेल्या आहेत: लाकडाचा आवाज कानी पडताच दचकणे, दारे-खिडक्या लावून एकटेच बसावेसे वाटणे, कोणीतरी आपल्याला धरायला येत आहे अशी धास्ती घेणे. शरीराचे दुखणे कोणते आणि मनाचे कोणते, असा प्रश्नच या यादीच्या कर्त्यांना पडलेला दिसत नाही.

या धारणेला शास्त्राचे रूप मिळाले ते ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात. इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांच्या सुमारास आकाराला येऊ लागलेल्या या संग्रहाचे ‘सुवेन’ आणि ‘लिंगशू’ असे दोन भाग असून, त्यांची मांडणी बहुतांशी हुआंगदी, म्हणजे पीत सम्राट, आणि त्याचे वैद्यकातील गुरू यांच्या संवादाच्या रूपाने केलेली आहे. देहात श्वासासारखे, वाफेसारखे अखंड वाहणारे जे काही आहे त्याला तेथे ‘ची’ म्हटले आहे, आणि सुवेनच्या 39व्या अध्यायानुसार प्रत्येक भावना ही या ‘ची’ची एक विशिष्ट हालचाल असते: ती रागात वर चढते, आनंदात सैलावते, शोकात विरते, भयात खाली उतरते, दचकल्यावर सैरभैर होते आणि सततच्या विचाराने एके ठिकाणी गुंतून पडते. भावना आधी मनात उपजते आणि मग शरीरावर परिणाम करते, असे हे विवेचन नाही. चढलेली ‘ची’ आणि राग ही येथे एकच घटना आहे. रागाचे स्थान यकृतात, आनंदाचे हृदयात, चिंतनाचे प्लीहेत, शोकाचे फुप्फुसांत आणि भयाचे मूत्रपिंडांत मानले गेले व या पाच अवयवांना काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल या पाच अवस्थांशी जोडण्यात आले. आपल्या पंचमहाभूतांशी यांची गल्लत करू नये, कारण काष्ठ, अग्नी इत्यादी ही पदार्थांची मूलद्रव्ये नसून एकमेकींना जन्म देणाऱ्या आणि एकमेकींना आवर घालणाऱ्या अवस्था आहेत.

भावना जर ‘ची’ची हालचाल असेल, आणि सुईचे काम ‘ची’ला वळण लावण्याचे असेल, तर सुईने राग उतरवावा हे ओघानेच येते, असे आजच्या वाचकाला वाटेल. जुन्या ग्रंथांचा रोख मात्र पुष्कळदा उलटा आहे. अतिशय रागावलेल्या, नुकत्याच दचकलेल्या, भुकेल्या किंवा मद्य प्यालेल्या माणसाला सुई टोचू नये, असे सुवेन बजावते. लिंगशूच्या नवव्या अध्यायात तर, गाडीतून आलेल्या रुग्णाला एक जेवण होण्याइतका वेळ निजवून ठेवावे, पायी आलेल्याला दहा ली अंतर चालण्याइतका वेळ बसवावे आणि भ्यालेल्याची ‘ची’ स्थिरावल्यावरच सुई हाती घ्यावी, इतका बारीक तपशील आहे. टोचून घेतल्यावर रुग्णाने रागावू नये, हेही तेथेच सांगितले आहे. भावनेचे शारीरिक बळ एवढे मोठे मानले गेले होते, की तिच्या भरात सुई लावणे धोक्याचे ठरे.

याचा अर्थ सुईचा आणि मनाचा संबंधच नव्हता असा नाही. लिंगशूमध्ये उन्मादासाठी सुई आणि मॉक्सा यांचे उपचार आहेत आणि सातव्या शतकात सुन सिमियाओ या वैद्याने भूतबाधेसाठी तेरा ‘भूतबिंदू’ नोंदवले. पाठीवर, कण्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे चार बोटांच्या अंतरावर, जी बिंदूंची रांग उतरते तिच्यातील पाच नावे तर या संबंधाची थेट साक्ष देतात, कारण त्यांचे अर्थ, पाच अवयवांत वसणाऱ्या पाच चैतन्यांना अनुसरून, अमुक चैतन्याचे दार, अमुक चैतन्याचा दिवाणखाना, अमुक चैतन्याचे घर असे होतात.

भावनांना रोगकारण म्हणून स्वतंत्र स्थान मिळाले ते सोंग राजवटीत. 1174 मध्ये चेन यान याने रोगांच्या कारणांचे तीन वर्ग केले आणि आनंद, राग, चिंता, विचार, शोक, भय व दचकणे या सात भावनांना आंतरिक कारणांच्या वर्गात घातले. त्यानंतरच्या शतकांतील गाजलेल्या प्रकरणांत मात्र वैद्याच्या हाती सुई क्वचितच दिसते. उत्तर चीनमधील झांग त्सोंगझेंग (1156–1228) याने नोंदवलेली एक स्त्री प्रवासात असताना रात्री दरोडेखोरांच्या हल्ल्याने घाबरून पलंगावरून खाली पडली होती आणि तेव्हापासून जरासा आवाज झाला तरी तिची शुद्ध हरपत असे. इतर वैद्यांनी हृदयाचा विकार समजून औषधे दिली, ती लागू पडली नाहीत. झांगने तिला उंच खुर्चीत बसवले, दोन दासींना तिचे हात धरायला लावले, पुढ्यात एक ठेंगणे मेज ठेवले आणि त्यावर लाकडाने जोरात ठोकले. ती दचकली, तेव्हा लाकडाने मेज ठोकले तर त्यात घाबरण्यासारखे काय, असे त्याने विचारले आणि ती सावरल्यावर पुन्हा ठोकले. मग दारावर काठी आपटली, मग पाठीमागची खिडकी कोणाकडून तरी खरवडून घेतली, आणि अखेरीस त्या स्त्रीला हसू आले. मावांगदुईच्या यादीतील लाकडाच्या आवाजाची धास्ती येथे लाकडाच्याच आवाजाने घालवली गेली, हा योगायोग असला तरी मोठा बोलका आहे. पुढच्या शतकातील झू दानशी याने, पती दूरदेशी गेल्यामुळे अन्न टाकून बसलेल्या तरुणीला आधी मुद्दाम संताप आणला, कारण यकृताचा राग प्लीहेत गुंतलेल्या विचाराला मोकळे करतो असे शास्त्र होते. एका भावनेने दुसरीला जिंकण्याची ही रीत सुवेनमध्येच सांगितलेली होती आणि तिला सुईची गरज नव्हती.

सुई हे भावना बरी करण्याचे प्रमुख साधन, ही आज जगभर पसरलेली प्रतिमा बरीच अलीकडची आहे. 1822 मध्ये चीनच्या राजवैद्यकीय संस्थेतून ॲक्युपंक्चर वगळण्यात आले; 1950च्या दशकात साम्यवादी शासनाने त्याला पुन्हा प्रतिष्ठा दिली, पण भौतिकवादाशी न जुळणाऱ्या चैतन्यांच्या कल्पना पाठ्यपुस्तकांत मागे पडल्या. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जे. आर. वर्सली यांनी चेहऱ्याचा रंग, आवाज, गंध आणि भावना यांवरून रुग्णाचे मूळ असंतुलन ओळखण्याची पद्धत रुजवायला सुरुवात केली, आणि पाश्चात्त्य रुग्णांना तीच अधिक प्राचीन वाटली. कोरियात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तेथे ‘ह्वाब्योंग’, म्हणजे अग्नीचा आजार, हे वर्षानुवर्षे गिळलेल्या रागाच्या दुखण्याचे प्रचलित नाव आहे आणि अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत सूचीच्या 1994च्या आवृत्तीनेही त्याची नोंद घेतली. छातीत दडपण, अंगात उष्णतेच्या लाटा आणि घशात किंवा छातीत गोळा अडकल्याची भावना घेऊन आलेल्या रुग्णाच्या उरोस्थीवरील, दोन्ही स्तनाग्रांच्या मधला बिंदू कोरियन परंपरेचा वैद्य दाबून पाहतो, आणि संशोधनात तर तेथे किती दाबाला दुखते हे मोजण्यासाठी उपकरणही वापरले गेले आहे.