माहीमचें देऊळ आणि पोपची आज्ञा

१८५३ सालीं माहीमच्या सेंट मायकेल देवळांत रोमनियुक्त बिशप हार्टमन स्वतःस कोंडून घेऊन बसले. बाहेर कॅथलिकच होते. त्यांस गोव्याच्या आर्चबिशपची सत्ता हवी होती. अखेर सरकारनें मध्यें पडून देऊळ गोवापक्षास दिलें.

१८३८ सालीं पोप सोळाव्या ग्रेगरीनें आज्ञापत्र काढून पोर्तुगालच्या राजाचा हिंदुस्थानांतील धर्माधिकार बव्हंशीं आटोपता केला होता. पोपचें श्रेष्ठत्व गोवापक्षासहि मान्य होतें. राजाच्या संमतीवांचून त्याचा हक्क काढतां येत नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें.

पोपच्या अप्रमादित्वाचा सिद्धान्त १८७० च्या व्हॅटिकन परिषदेंत ठरला. तोहि श्रद्धा व नीति यांविषयीं, सर्व चर्चवर बंधनकारक म्हणून अधिकारपीठावरून दिलेल्या निर्णयापुरताच! देवळें कोणाच्या ताब्यांत असावीं, हा त्याचा विषय नव्हे. तेथील आज्ञा पाळावयाची खरी, परंतु ती फिरूं शकते. ती फिरलीहि : १८८६ च्या करारानें मुंबईंतील दुहेरी सत्तेस मान्यता मिळाली, आणि १९२८ सालीं ती संपली.