जिना उलट्या पावलांनी उतरणारा माणूस : वजन घटवण्याच्या इतिहासातील एक प्रकरण

१/
१८६० च्या आसपासची गोष्ट. लंडनमधील एक प्रतिष्ठित गृहस्थ आपल्या घराचा जिना उलट्या पावलांनी, सावकाश उतरत असत. सरळ उतरताना गुडघ्यांवर आणि घोट्यांवर पडणारा भार त्यांना सोसत नसे. वाकून बुटाची नाडी बांधणेही अशक्य झाले होते. त्यांचे नाव विल्यम बँटिंग. चाळिशीच्या आत चढू लागलेले आणि पुढे तीस वर्षे न उतरलेले वजन त्यांनी वयाच्या पासष्टीत कसे उतरवले, याची ही हकिगत. #थ्रेड

२/
बँटिंग यांचा जन्म १७९६ चा. घराण्याचा व्यवसाय अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहण्याचा, आणि तोही थेट राजघराण्यासाठी. तिसरा जॉर्ज, चौथा जॉर्ज, वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन, व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट या साऱ्यांच्या अंत्ययात्रांची जबाबदारी याच पेढीने वाहिली. म्हणजे पैसा होता, प्रतिष्ठा होती आणि लंडनमधील उत्तमोत्तम वैद्यांकडे जाण्याची ऐपतही होती.

३/
त्यांच्या आईवडिलांच्या घराण्यांत कोणी स्थूल नव्हते. स्वतः बँटिंग आळशी नव्हते की खादाडही नव्हते. तरीही तिशी ते चाळिशीच्या दरम्यान शरीर सुटू लागले. एका नामांकित शल्यवैद्याने सल्ला दिला : कामाला लागण्यापूर्वी व्यायाम वाढवा, नाव वल्हवा. नदी घराजवळच होती. बँटिंग यांनी एक भक्कम नाव घेतली आणि रोज पहाटे दोन-दोन तास वल्ही मारण्यास आरंभ केला.

४/
स्नायू बळकट झाले; पण त्याबरोबर भूकही प्रचंड वाढली. भुकेचे समाधान करावे तो वजन आणखी चढले. शेवटी सल्ला देणाऱ्यानेच व्यायाम थांबवण्यास सांगितले. या प्रसंगाकडे पुढे पुन्हा यावे लागेल, कारण ‘व्यायामाने वजन का उतरले नाही?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या नावेतच दडलेले आहे.

५/
मग उपायांची रांगच लागली. घोडेस्वारी झाली, समुद्रकिनाऱ्याची हवा झाली, चेल्टनहॅम आणि हॅरोगेट येथील औषधी झऱ्यांचे पाणी झाले, पोटॅशची कडू औषधे झाली. तुर्की स्नानगृहात घाम गाळून पाहिला. सुमारे पन्नास वेळा असे स्नान केल्यावर वजन घटले ते अवघे ६ पौंड, म्हणजे पावणेतीन किलो. आजच्या ‘महिनाभरात वजन कमी’ छापाच्या जाहिरातींचे हे पूर्वजच म्हणायचे.

६/
शरीराच्या त्रासाहून मनाचा सल मोठा होता. सभेत, सार्वजनिक वाहनात, भर रस्त्यात लोक शेरे मारीत. बसायला पुरेशी जागा मिळत नसे. अशा माणसाला या टोमण्यांचे काहीच वाटत नाही असे कोणी समजू नये, असे बँटिंग यांनी पुढे स्पष्ट लिहिले. परिणाम व्हायचा तोच झाला : चारचौघांत जाणेच त्यांनी शक्यतो टाळले.

७/
ऑगस्ट १८६२ मध्ये त्यांना ऐकू कमी येऊ लागले. कानाचा इलाज करण्यासाठी ते विल्यम हार्वे या शल्यवैद्याकडे गेले. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारा सतराव्या शतकातील हार्वे तो वेगळा.) हार्वे यांनी कान तपासला आणि सांगितले की मूळ दुखणे कानाचे नाही, चरबीचे आहे. कानासाठी गेलेल्या माणसाच्या हाती आहाराचा कागद पडला.

८/
हा कागद आला कोठून? त्याचा धागा पॅरिसमध्ये आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी यकृत स्वतः साखर तयार करते हे सिद्ध केले होते, आणि मधुमेहासंबंधी त्यांचे विवेचन हार्वे यांनी पॅरिसमध्ये ऐकले होते. मधुमेहात साखर आणि पिष्ट वर्ज्य केल्याने लाभ होतो. मग अतिस्थूलतेतही तोच मार्ग का वापरू नये, असा त्यांचा तर्क होता.

९/
वर्ज्य पदार्थांची यादी लहान होती : पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे. अडचण एवढीच की बँटिंग यांचे रोजचे खाणे प्रामुख्याने याच पदार्थांचे होते. सकाळी पाव-दूध किंवा भरपूर दूधसाखर घातलेला चहा आणि लोणी लावलेला टोस्ट, दुपारी मांसाबरोबर बिअर, पुष्कळ पाव आणि गोड पेस्ट्री, रात्री पुन्हा फळांचा टार्ट किंवा पाव-दूध.

१०/
नव्या आहारात दिवसाची चार खाणी मोजून ठरली. सकाळी ९ वाजता चार-पाच औंस मांस किंवा मासे, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा आणि जेमतेम एक औंस कोरडा टोस्ट. दुपारी मांस किंवा मासे आणि बटाटा सोडून कोणतीही भाजी. सायंकाळी थोडी फळे आणि चहा. रात्री ९ वाजता तीन-चार औंस मांस किंवा मासे. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम.

११/
बँटिंग यांनी हे सारे एका साध्या उपमेत बसवले. घोड्याला दाणा म्हणून घातला जाणारा घेवडा तरण्या घोड्याला मानवतो, म्हाताऱ्याला बाधतो. माणसाचेही तसेच : तरुणपणी जे अन्न अंगी लागते, तेच उतरत्या वयात अंगावर चढते. शास्त्र म्हणून ही उपमा तोकडी आहे. पण ‘पूर्वी एवढेच खात होतो, तेव्हा काही होत नव्हते’ ही मध्यमवयीन तक्रार तिने नेमकी पकडली आहे.

१२/
आता आकडे. उंची ५ फूट ५ इंच. २६ ऑगस्ट १८६२ रोजी वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. मे १८६३ पर्यंत ३५ पौंड उतरले. सप्टेंबर १८६३ मध्ये वजन भरले १५६ पौंड, म्हणजे सुमारे ७१ किलो. वर्षभरात ४६ पौंड गेले आणि कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनी कमी झाला. सरासरी काढली तर घट आठवड्याला एका पौंडाहूनही कमी भरते. चमत्कार म्हणावा असा वेग यात कोठेच नाही.

१३/
बँटिंग आता जिना सरळ, तोंड पुढे करून उतरू लागले. बुटाची नाडी स्वतः बांधू लागले. ऐकूही बरे येऊ लागले. आपल्यासारख्या इतरांना हे कळावे म्हणून १८६३ मध्ये त्यांनी स्थूलतेविषयी जनतेला उद्देशून एक पत्रवजा पुस्तिका लिहिली आणि पहिली आवृत्ती स्वखर्चाने छापून फुकट वाटली. पुढे ती अल्प किमतीस विकली गेली, तेव्हा नफा धर्मादायास दिला.

१४/
पुस्तिका वाऱ्यासारखी पसरली. तिची भाषांतरे झाली, व्यंगचित्रे निघाली, गाणी रचली गेली. इंग्रजीत ‘बँटिंग करणे’ म्हणजे आहार आवरून वजन उतरवणे असा प्रयोगच रूढ झाला. स्वीडिश भाषेत तर आजही वजन कमी करण्यासाठी खाणे आवरणे याला ‘बान्ता’ हेच क्रियापद आहे. राजांना अखेरचा निरोप देणाऱ्या माणसाचे आडनाव असे परक्या भाषेत क्रियापद होऊन राहिले.

१५/
वैद्यकीय जगत मात्र रुष्ट झाले. ‘लॅन्सेट’ने तर या गृहस्थांनी वैद्यकीय लेखनात पुन्हा हात घालू नये असेच सुनावले. या टीकेत व्यवसायाचा अहंकार होता, तशीच एक रास्त शंकाही होती. एका माणसाला लाभले ते सर्वांना लाभेल कशावरून? इतके मांस सर्वांना मानवेल काय? एका व्यक्तीचा अनुभव हा पुरावा ठरत नाही, हा आक्षेप आजही खोटा नाही.

१६/
शिवाय हा आहार आदर्श मुळीच नव्हता. दुपारी क्लॅरेट किंवा शेरीचे दोन-तीन पेले, रात्री एक-दोन, झोपण्यापूर्वी वाटल्यास आणखी मद्य, एवढी मुभा त्यात होती. आजचा कोणताही वैद्य ती देणार नाही. टिकण्यासारखे होते ते वेगळेच : साखर, मैदा आणि बिअर यांना रजा, खाण्याचे ठरलेले माप, ठरलेल्या वेळा आणि ठरावीक दिवसांनी केलेली वजनाची नोंद.

१७/
हे ज्ञान युरोपला तेव्हा नव्याने होत होते. भारतीय ग्रंथांत ते फार पूर्वी नोंदले गेले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार करतो. स्थौल्याची कारणे म्हणून तेथे अतिभोजन, जड, गोड आणि स्निग्ध अन्न, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांच्या जोडीने ‘बीजस्वभाव’ही सांगितला आहे. आजच्या भाषेत आनुवंशिकता.

१८/
उपाय सांगताना चरक म्हणतो की अशा व्यक्तीला पचण्यास जड, पण पोषणास हलके अन्न द्यावे. पोट भरल्याची जाणीव राहावी आणि शरीरात भर मात्र पडू नये, हा त्यामागील विचार. जव, मूग, कुळीथ, ताक ही त्याची सामग्री. आणि जागरण, व्यायाम, चिंतन हे सारे वाढवायचे ते ‘क्रमाने’. या एका शब्दात पुढच्या अनेक शतकांची फसगत टळण्यासारखी होती.

१९/
आता पुन्हा त्या नावेकडे. बँटिंग यांच्या अनुभवावरून व्यायाम निरुपयोगी ठरतो काय? याचे उत्तर त्याच लंडन शहराने नव्वद वर्षांनी दिले. जेरी मॉरिस या संशोधकाने दुमजली बसगाड्यांवरील ३५ ते ६४ वयाच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेही ‘लॅन्सेट’मध्येच.

२०/
गाडी एक, रस्ता एक, वर्गही साधारण एकच. फरक एवढा की चालक जवळपास सारी पाळी बसून काढी आणि कंडक्टर तिकिटे देत दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढे. चालकांच्या तुलनेत कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला, उशिरा आढळला आणि आढळला तरी कमी घातक ठरला. जिन्याच्या पायऱ्यांनी आपली साक्ष दिली होती.

२१/
मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत. चालक मुळातच जाड असतील तर? १९५६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चक्क गणवेशांच्या विजारींची मापे तपासली. चालकांच्या कमरेचा घेर खरोखरच अधिक निघाला, अगदी तरुण वयापासून. म्हणजे काही फरक नोकरीपूर्वीचाही असावा. स्वतःच्या निष्कर्षावर अशी शंका घेणे हीच या संशोधनाची खरी श्रीमंती.

२२/
पुढे त्यांनी कचेरीत बसून काम करणाऱ्या सुमारे १७,००० मध्यमवयीन सरकारी नोकरांकडे मोर्चा वळवला. मोकळ्या वेळात जोमदार व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकार कमी, असे तेथेही दिसले. स्वतः मॉरिस उतारवयातही नियमाने व्यायाम करीत राहिले. १९१० मध्ये जन्मलेले हे संशोधक २००९ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी निवर्तले.

२३/
दोन्ही हकिगती शेजारी ठेवल्या की चित्र पुरे होते. वजनाचा काटा मुख्यतः ताटाचे ऐकतो. व्यायामाने वाढलेली भूक ताटावर सैल सोडली तर काटा उतरत नाही. हृदयाचे हित मात्र पायऱ्या, चाल आणि हालचाल जपतात, काटा हलो वा न हलो. बँटिंग यांनी नाव सोडली नसती आणि पाव आधीच सोडला असता, तर कदाचित तीस वर्षे वाचली असती.

२४/
१८६९ मध्ये पुस्तिकेची चौथी आवृत्ती निघाली, तेव्हाही बँटिंग यांचे वजन पुन्हा चढलेले नव्हते. १८७८ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आयुष्यभर इतरांच्या अखेरच्या प्रवासाची सोय करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या प्रवासातील शेवटची पंधरा वर्षे मात्र जिना सरळ उतरून घालवली.