कोल्हापुरी पायताण आणि परदेशची पेढी

अस्सल कोल्हापुरी पायताणास खिळा लागत नाहीं. बाभळीची साल व हिरडा यांत मुरलेलें चामडें पुरुष कापतात, वेणी बहुधा घरांतील स्त्रिया विणतात, आणि शिवण चामड्याच्याच वादीची. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत या धंद्यास उत्तेजन मिळालें. २०१९ सालीं महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नांवें भौगोलिक मानांकनही झालें.

२०२५ च्या जूनमध्यें इटलींतील मिलान शहरीं प्राडा या पेढीनें तशाच वहाणा प्रदर्शनांत मांडल्या. कोल्हापूरचा उल्लेख मात्र नव्हता! महाराष्ट्राच्या व्यापारी मंडळानें हरकत घेतली, तेव्हां पेढीचे सामाजिक जबाबदारीचे प्रमुख लोरेंझो बेर्तेल्ली यांनीं भारतीय कारागिरीचें ऋण पत्रानें मान्य केलें. परंतु ऋण मान्य करणें निराळें, आणि शिवणाऱ्याच्या मजुरीची, कातडें कमावणाऱ्याच्या हौदावरील कष्टांची जबाबदारी पत्करणें निराळें. दूरचें गिऱ्हाईक बहुधा दलालापाशींच थांबतें.

डिसेंबरांत या दोन महामंडळांशीं पेढीचा करार झाला : २,००० जोड येथेंच तयार व्हावयाचे, कारागिरांस शिक्षण द्यावयाचें. जोडाची किंमत सुमारें ८०० युरो जाहीर झाली. वेणी विणणारीच्या हातीं त्यांतून काय पडणार, हें महामंडळांनीं प्रथम विचारावयास हवें.