सारवण आणि माळवद

घर स्वच्छ ठेवणे हे आपण बायकांचे काम समजतो आणि इतिहासातून सहज वगळतो. त्याच कामाविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

उमरगा-लोहारा भागातील जुने घर म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचे माळवद. पहाटे सडा, मग केरवारा. अधूनमधून शेणाचे सारवण. आणि नवरात्रापूर्वी ‘दसरा काढणे’, म्हणजे गोधड्यांपासून उतरंडीपर्यंत सारे धुऊन काढणे. (तुळजाभवानीच्या मुलखात घट पारोशा घरात कसे बसावेत!) माळवदाची निगाही अशीच. पावसाळ्याच्या तोंडी गवत उपटावयाचे, भेगा बुजवावयाच्या, गळू नये म्हणून वर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावयाचा. जुना थर मात्र सहसा कोणी उतरवीत नसे. असे थरावर थर चढत गेले. निगा राखणाऱ्याच्याच डोक्यावरचा भार वाढत होता, आणि त्यात त्याचा दोष काय म्हणावा?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत मिळून सुमारे 8 हजार माणसे गेली. सास्तूरसारखी गावे ढिगारा झाली. भिंती ढासळल्या आणि वर्षानुवर्षे जपलेली ती माती झोपलेल्यांच्या अंगावर आली.

पुढे नव्या गावठाणांत सिमेंटची घरे उभी राहिली. तेथे माळवद नाही, सारवणही नाही. फरशी पुसली की झाले. दसरा मात्र अजून काढतात.