भुंकणारी पेटी आणि गावचा जागल्या



आजचा विषय वाचून काही मंडळी हसली. "सर, तत्त्वज्ञान सोडून कुत्र्यावर आलात काय?" असे एकाने दारातच विचारले. आलो खरे. कारण शेवटी सांगू.

कर्जत गावठाणाबाहेर, शेतातल्या वस्तीवर आम्ही दोघे म्हातारा-म्हातारी राहतो. मुले पुण्याला. आमचा मोत्या एका रात्री उसाकडे धावला, तो परत आलाच नाही. बिबट्याने नेला असे लोक म्हणाले, आणि ते खरे असावे. आपल्याच जिल्ह्यात अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, त्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव जनावरांचा आणि त्यातही कुत्र्यांचा निघाला. म्हणून मुलाने आम्हाला एक पेटी आणून दिली. दाराशी काही हालले की ती भुंकते. बिबट्या तिला खात नाही, भाकर लागत नाही, आणि आवाज असा की अल्सेशियनच बांधलाय म्हणाल.

ही पेटी चालते कशी? काहींत अंगाची उष्णता टिपणारा सेन्सर असतो. काहींत छोटा रडार असतो. तो सूक्ष्म लहरी सोडतो, हलत्या वस्तूवर आपटून परत येणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते, आणि त्या बदलावरून काहीतरी हालले हे त्याला कळते. हे तत्त्व डॉप्लरने 1842 साली मांडले. पुढे 1853 साली अमेरिकेत ऑगस्टस पोप याने चोराची वर्दी देणाऱ्या विजेच्या घंटेचे पेटंट घेतले. दार उघडले की घंटा. आपल्या पेटीत घंटेच्या जागी भुंकणे आले, एवढाच फरक.

पण कुत्र्याविना कुत्र्याचा धाक घालणे त्याहून फार जुने. इटलीतले पाँपेई शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथल्या एका घराच्या उंबऱ्याशी रंगीत खड्यांनी साखळीतला काळा कुत्रा काढलेला आहे, खाली 'कुत्र्यापासून सावध' अशी अक्षरे. म्हणजे बघा, आपल्याकडे घरात मांजरसुद्धा नसताना लोक फाटकावर जी पाटी लावतात, ती किती पुरातन!

आमच्या नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर हे अनुमान आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. तसे, भुंकणे ऐकू येते, म्हणून आत कुत्रा आहे. पेटी चोराकडून हे अनुमान करवून घेते. पण हेतू साध्याला सोडून इतरत्रही आढळला, तर तो सव्यभिचार, म्हणजे सदोष हेतू. भुंकणे आता पेटीतही आढळते. शहाणा चोर चार रात्री लांबून ऐकेल, तोच सूर, तेवढ्याच अंतराने, आणि पाचव्या रात्री सरळ आत येईल.

बरं, आपल्या मुलखात पूर्वी राखण कोण करी? जागल्या. कुठे महार, कुठे रामोशी, कुठे भिल्ल. 1818 साली पेशवाई बुडाली आणि हा मुलूख एल्फिन्स्टनच्या ताब्यात आला. त्याने 1819 साली लिहिलेल्या अहवालात या राखणदाराचे काम नोंदवले आहे. रात्रीचा पहारा करायचा, कोण आले-गेले ते पाहायचे, गावातल्या प्रत्येक माणसाची वागणूक ठाऊक ठेवायची. चोरी झाली की पायाचा माग काढायचा. माग शेजारच्या गावात नेऊन तिथल्या राखणदाराची खात्री पटवली, की याची जबाबदारी संपली, पुढचा माग त्याने काढायचा. माग जिथे शेवटी लागला ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार. राखणदाराने ऐपतीप्रमाणे भरून द्यायचे, उरलेले सगळ्या गावाने. राखण चुकली तर तिची किंमत साऱ्या गावाला मोजावी लागे!

या व्यवस्थेचे गोडवे गायला आम्ही उभे नाही. जागल्याचे काम जातीने ठरे, राखण गावाची करायची आणि राहायचे गावाबाहेर. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला, ते योग्यच झाले. पण त्या माणसाच्या ज्ञानाची आठवण ठेवली पाहिजे. ओळखीचे पाऊल आणि परके पाऊल यांतला फरक त्याला कळत होता.

इंग्रज सरकारने त्याउलट ओळखच काढून टाकली. 1871 साली उत्तर हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा आला, 1911 च्या कायद्याने तो देशभर लागू करण्याची सोय झाली. माणूस काय करतो हे पाहायचे नाही, कोणाच्या पोटी जन्मला ते पाहायचे. हजेरी लावायची, सोलापुरासारख्या ठिकाणी कुंपणाच्या वसाहतीत ठेवायचे. ज्या रामोशांनी पिढ्यान्‌पिढ्या गावे राखली, त्यांचे नाव आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे, ते या इतिहासामुळे. कायदा 1952 साली गेला. रात्री पारधी दिसला की चोर, ही सवय मात्र आपल्या तालुक्यातही गेली नाही. पाऊल न ओळखता भुंकणे ते हेच.

आता आमचे कारण सांगतो. गेल्या मार्गशीर्षात रात्री दोन वाजता शेजारच्या वस्तीवरचा गडी आमच्या दाराशी आला. बायकोच्या छातीत दुखत होते, त्याला आमची गाडी हवी होती. पेटी भुंकली. त्याने हाका मारल्या, पेटी आणखी भुंकली. आम्ही मागच्या खोलीत जागे झालो. लिंबाची फांदी हलली, मांजर गेले, तरी ती पेटी रोज भुंकायची. आम्ही कूस बदलून झोपलो. तो कुत्रे मोकळे असेल म्हणून मागे फिरला, पुढच्या वस्तीवर गेला. अर्धा तास गेला. बाई वाचल्या, हे नशीब. सकाळी तो स्वतःच सांगायला आला. तक्रार नाही, काही नाही. एवढेच म्हणाला, "सर, कुत्रं लय तापट आणलंय तुम्ही."

मोत्या त्याला पाहून शेपूट हलवायचा.

तेव्हापासून आम्ही चार वस्त्यांनी ठरवले आहे. फाटकावर बटण आहे, ते दाबले की घरात साधी घंटा वाजते, आणि घंटेला उठायचेच. एकमेकांचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत. कुणाकडेही भुंकणे थांबले नाही, तर जो जागा होईल त्याने बॅटरी लावून बाहेर यायचे आणि नाव विचारायचे. आधी नाव विचारायचे, मग काय ते बोलायचे.

पेटी आम्ही काढलेली नाही. परगावी गेलो की लावतो. घरी असलो की बंद.

इतके बोलून आम्ही थांबतो. काही प्रश्न असतील तर अवश्य विचारा.