भिंतीला आलेलं फूल

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एखाद्या जुन्या विटांच्या कुंपणभिंतीवर, जमिनीलगतच्या थरांत पांढरी भुकटी दिसली, तर गवंडी एका शब्दात निदान करेल: "लोणा लागलाय." वीट तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र त्याच भुकटीचं नाव 'एफ्लोरेसन्स'. म्हणजे चक्क फुलून येणं!

शब्द मुळात लॅटिन. 'फ्लोस' म्हणजे फूल, 'फ्लोरेस्केरे' म्हणजे फुलू लागणं; त्याला 'बाहेर' या अर्थाचा 'एक्स' जोडला गेला. सतराव्या शतकात इंग्रजीत आल्यावर त्यानं बरीच बिऱ्हाडं केली. बागेत तो बहर, इतिहासात कलेच्या भरभराटीचा काळ, वैद्यकात अंगावरचं पुरळ. रसायनशास्त्रात स्फटिकातलं पाणी उडून त्याची पूड होणं. धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकात पाण्याचे 10 रेणू असतात. कोरड्या हवेत त्यातले 9 निघून जातात. परिभाषेनं याला 'उत्फुल्लन' असं संस्कृत नाव दिलं. आजीबाईच्या बटव्याला मात्र लाही सुचली. तव्यावर तापून, पाणी गमावून फुगते ती तुरटीची लाही.

'लोणा'चं कूळ निराळं. संस्कृत लवण, प्राकृत लोण, मराठी लोणा. लोणचं याच घरातलं. लोणी तेवढं परकं. ते नवनीतातून आलं.

भिंतीच्या पायातली ओल विटेच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि माती, सिमेंट, पाणी यांतले क्षार सोबत आणते. सोलापूरच्या उन्हात पाणी उडतं, क्षार उरतो. तो पृष्ठभागाच्या आतच साठला, तर विटेचे पोपडे सुटतात. म्हणून वीट आधीच पारखावी. आयएस 3495 या मानकानुसार विटेचं टोक 25 मिलिमीटर पाण्यात उभं करतात, पाणी वाळू देतात आणि पुन्हा एकदा तेच करतात. 10 टक्क्यांपर्यंत पृष्ठभाग पांढरा झाला तर दोष किरकोळ, 50 टक्क्यांपर्यंत मध्यम.

इंग्रजी शब्द वर काय दिसतं ते सांगतो, मराठी शब्द आत काय मुरलंय ते. दुरुस्तीला मराठीच कामाची. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. पाणी मारलंत तर तोच क्षार विरघळून पुन्हा आत जाईल. आणि रंगाचा डबा उघडण्याआधी ओल कुठून येते ते शोधा.