कुकरातला केक एकाच थराचा का?

"केक हा काही आपला पदार्थ नव्हे" हे वाक्य दर वाढदिवसाला कुणीतरी ऐकवतंच. ऐकवणारे काका दुसरा तुकडा मागून घेतात, ते सोडा. पण मुद्दा तपासायला काय हरकत आहे?

चॉकलेट आपलं नाही, कबूल. कोकोतली चरबी दाबून काढायची युक्ती हॉलंडच्या व्हान हाउटेनच्या नावावर, १८२८ ची. बेकिंग पावडर इंग्लंडच्या आल्फ्रेड बर्डची, १८४३ ची. कॅडबरी भारतात आली १९४८ मध्ये. आता तिचं नाव मोंडेलीझ, आणि तिचा एक कारखाना आमच्या रहाटणीपासून फार लांब नाही, तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदोरीत. दाभाड्यांच्या गढीचं इंदोरी, तेच!

पण भाजणं? ते आपलंच की. कोकणात काकडीचं धोंडस कसं करतात बघा. पातेलं चुलीवर, त्यावर झाकण, आणि झाकणावर निखारे. म्हणजे खालून आच, वरूनही आच. ओव्हन आणखी वेगळं काय करतो? गोव्याची बेबिंका तर थरांचीच. एक थर ओतायचा, वरच्या निखाऱ्यांवर भाजायचा, मग पुढचा. थर लावणं आपल्याला नवं नव्हतं.

मग गडबड कुठे झाली? माझ्या मते, गॅसच्या ओट्यावर. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को, बजाज. माणसं गाव सोडून दोन खोल्यांत राहायला आली. हळूहळू चूल गेली, स्टोव्ह आणि गॅस आला. धूर गेला हे उत्तमच (चुलीचं कौतुक फुंकणी न धरलेल्यांनी करू नये), पण त्याबरोबर निखारेही गेले. वरची आच गेली!

त्यावर बायकांनी तोड काढली ती प्रेशर कुकरची. शिट्टी काढायची, झाकणाची रिंग काढायची, तळाशी वाळू किंवा मीठ, त्यावर ताटली आणि ॲल्युमिनियमचा डबा. मंद आचेवर पाऊण तास. अंडं न चालणाऱ्या घरांत कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा कामी आला. माझ्या आईचे सगळे केक असेच. खालून खरपूस, वरून फिके, आणि कायम एकाच थराचे. दुकानातला क्रीमवाला केक बघून आम्ही भावंडं नाक मुरडायचो, "आपला खरा केक नाही" म्हणून.

आता हिशोब मांडला तर कळतं. कुकर म्हणजे सिंगल थ्रेडेड मशीन, एका वेळी एकच डबा. दोन डब्यांचं पीठ एकदम भिजवून ठेवावं, तर सोडा ओला होताच कामाला लागतो. पाऊण तास थांबलेल्या पिठातली हवा निघून जाते, दुसरा थर चपटा. म्हणजे पीठ पुन्हा भिजवा, दूध दुप्पट, गॅस दुप्पट. आणि सिलिंडर संपला की पुढचा कधी मिळेल याची खात्री नाही. एक थर हा कौशल्याचा प्रश्न नव्हताच, सिलिंडरचा होता!

गेल्या महिन्यात आईला पासष्ट पूर्ण झाली. ओटीजी घेतलाय, त्यात दोन डबे शेजारी मावतात. दोन थर, मधे कोको आणि लोण्याचं क्रीम. आधी औक्षण, मग सुरी. मेणबत्ती मात्र आईने फुंकू दिली नाही, निरांजनासमोर कसली फुंकर मारायची, म्हणाली. खाऊन झाल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "दोन्ही एकदम भाजले? मग वरचा रंग सारखा कसा आला रे?"

मी ओटीजीचं दार उघडून तिला वरची तार दाखवली. तिने हात आत घालून पाहिलं आणि म्हणाली, "हां, वर निखारे आहेत."